मयुराच्या जागेत कोण आहे

काटोल
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सत्यवतीस,
वामनदादाचे अ. उ. आ. वि. वि.

फोन सोडून याला कागद कुठून सुचला म्हणून हसू नकोस. तुझा फोन तुझ्यापेक्षा मयुराच्या हातात जास्त असतो, आणि तू बोलतेस ती स्पीकर लावून. तुमच्या अर्ध्या नंदनवन वस्तीला ऐकू जातं, वर तुझे यजमान आनंदराव मागून हुंकार देतात. मला जे विचारायचं आहे ते पोरीच्या कानावर जायला नको. गिरिधर संत्र्याची गाडी घेऊन कळमन्याच्या बाजारात येतो, त्याच्या हाती हे पाठवतो. उत्तरही त्याच्याच हाती दे आणि पाकीट नीट चिकटव. गिरिधर माणूस चांगला आहे, पण त्यालाही डोळे आहेतच.

संक्रांतीचा तो दिवस आपण फोनवर पुष्कळ उगाळला. तरी मला अजून तो संपल्यासारखा वाटत नाही. मयुरा खुशीला मोपेडवर पुढे उभी करून तिळगूळ द्यायला निघते काय, उड्डाणपुलावर कुणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा नायलॉन मांजा आडवा येतो काय, आणि माझ्या चिमुरड्या नातीची हनुवटी कानापर्यंत चिरली जाते काय. गळा वाचला ही देवाची कृपा. टाके निघाले, जखम भरली, लेकरू खेळायला लागलं. माय मात्र अजून त्या पुलावरच उभी आहे. खुशी हात वर करून जवळ आली की ही हात पाठीमागे घेऊन भिंतीला टेकते. मी जवळ घेतलं की दोरा येतो, असं म्हणते. जावई वैभवनं समजावलं, पार्वतीविहीणबाईंनी समजावलं, मी तिच्या सासरी हिंगण्याला जाऊन रागावलो, मग रडलोही. तिची आई आज असती तर तिनं काय केलं असतं ते मला सुचत नाही.

म्हणून इस्पितळातल्या डॉक्टरांनी मनावर उपचार करणाऱ्या त्या अदितीबाईंचं नाव दिलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि पोरीला तुझ्याकडे ठेवलं. पण परवा मयुरा फोनवर सहज बोलून गेली की तिथं गोळ्या नाहीत, तपासणी नाही, नुसते डोळे मिटायचे आणि बाई सांगेल ते मनात पाहायचं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. डोळे मिटवून माणसाला काय वाट्टेल ते दाखवता येतं. मी जन्मभर संत्र्याचा धंदा केला. पेटीच्या वरच्या थरात मोठी, चकचकीत फळं असतात. मी आधी तळाला हात घालतो. या बाईच्या तळाशी काय आहे ते मला कळलं पाहिजे. तू एकदा सोबत जा, आत बस, आणि ती माझ्या पोरीला काय दाखवते ते जसंच्या तसं लिही.

आनंदरावांना नमस्कार. माया आहे ती तशीच ठेव.

तुझा
वामनदादा


नंदनवन, नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
सत्यवतीचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटाला तू इतका डिंक फासलास की उघडताना पत्राचा कोपरा फाटला. आनंदरावांनी तर तुझ्या भावानं शेताचे कागद पाठवले काय, असंच विचारलं. मी त्यांना संत्र्याच्या मुरंब्याची कृती आहे म्हणून सांगितलं, तर आता रोज मुरंबा कधी करतेस म्हणून मागे लागले आहेत. तुझ्यापायी मला या वयात खोटं बोलावं लागतं आहे.

तुझ्या हुकमाप्रमाणे गेले. धरमपेठेत औषधाच्या दुकानावर एक खोली आहे. दोन खुर्च्या, एक चटई, पाण्याचा माठ. भिंतीवर देव नाही, कुणी महाराज नाही. मला वाटलं होतं की निदान लिंबू तरी टांगलेलं असेल. अदिती म्हणजे आपल्या मयुराच्याच वयाची पोरगी, केस बारीक कापलेले, बोलणं अगदी मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसाला मी आधीच घाबरते. तिनं मला चहा विचारला, खुर्ची दिली आणि हसतहसत दाराबाहेर बसवलं. मी पोरीची आत्या आहे, आईच्या जागी आहे, सगळं सांगून पाहिलं. तिनं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

मग मी दाराला कान लावला. लाज वाटली, पण लावला. आधी श्वास सावकाश घ्यायला लावते. मग तुम्हाला जिथं काहीही पोचू शकत नाही अशी जागा डोळ्यांपुढे आणा, असं सांगते. पहिल्या खेपेला समुद्रकिनारा दिला होता म्हणे. मयुरानं तिला सांगितलं की समुद्र मी एकदाच पाहिला आणि त्यात माझी चप्पल वाहून गेली. तेव्हा बाईनं समुद्र सोडून दिला आणि तिला स्वतःचीच जागा निवडायला लावली. त्या जागेत मन स्थिर झालं की मग तो पूल लांबून दाखवते, अगदी लांबून, आणि पोरगी घाबरली की पुन्हा त्या जागेत घेऊन येते. आता ती जागा कोणती, हे मयुरा सांगायला लागली आणि नेमकं त्याच वेळी खालच्या औषधवाल्यानं शटर ओढलं.

घरी येऊन विचारलं तर मयुरा म्हणाली की आत्या, ते मी कोणाले सांगत नाही, अदितीताईनंच म्हटलं आहे की सांगायची गरज नाही. दादा, खरं सांगते, इथं माझ्याही मनात पाल चुकचुकली. ज्याला सांगायची गरज नसते ते बहुतेक सांगण्यासारखं नसतं. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या फोनची ती कानातली नळी माझ्या कानात घातली. रोज ऐकायला म्हणून भरून दिलेला बाईचाच आवाज होता. या जागेत कोण येईल ते फक्त तुम्ही ठरवायचं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. कोण येईल म्हणजे काय? कोण येणार आहे?

आता उरलेलंही लिहिते, नाहीतर तू म्हणशील की आत्यानं एकाच बाजूचं सांगितलं. तिथून आली की मयुराचा चेहरा निवळलेला असतो. परवा दोन भाकरी खाल्ल्या. झोपेतलं ओरडणं कमी झालं आहे. पण गच्चीवर अजून जात नाही. समोरच्या विजेच्या तारेला कुणाचा तरी पतंग लटकतो आहे, त्याची शेपटी हलली की ती आत येते.

तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा. लहान बहिणीवर लोभ आहे तो कमी होऊ नये.

तुझी
सत्या


काटोल
महाशिवरात्र, २६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सत्यवतीस,
अ. उ. आ. वि. वि.

काल कंपनीची पाळी संपल्यावर वैभव मोटरसायकलवर थेट इथं आला. मला वाटलं काही वाईट घडलं. शेडमध्ये क्रेटवर बसला, चहा दिला तो तसाच थंड केला. मग म्हणाला की बाबा, तुमच्या मुलीले मी विचारलं, त्या तुझ्या जागेत मी आहो काय, खुशी आहे काय. तर ती सरळ नाही म्हणाली, तिथं कोणीच नाही म्हणाली. आणि म्हणताना तिचा आवाज असा शांत होता की तेच त्याला जास्त लागलं. बायको डोळे मिटून रोज कुठंतरी जाते, तिथं नवरा नाही, लेकरू नाही, आणि तिथून खूश होऊन येते. नवऱ्यानं काय समजायचं? लग्नाआधी हिचं कुठं काही, एवढं बोलून तो थांबला. माझा हात उठला होता. पण उठला तसा खाली आला, कारण तोच किडा माझ्याही डोक्यात वळवळत होता.

तुला तिच्या कॉलेजातला तो विक्की आठवतो का? नाटकात तिच्याबरोबर होता, आणि नंतर तुमच्या घरी वह्या न्यायला यायचा? एका वेळी किती वह्या लागतात माणसाला? तो हल्ली कुठं असतो, त्याचा पत्ता काढ. अदितीच्या ओळखीतला निघाला तर मला नवल वाटणार नाही.

हे झालं आपलं. पण वैभवनं जे शेवटी सांगितलं त्यानं मला रात्री जेवण गेलं नाही. खुशीनं त्याला विचारलं की माझा गाल खराब झाला म्हणून आई माझ्यावर रागावली काय. तो सांगताना दुसरीकडे पाहत होता. आरशासमोर ती आता उजवीकडून उभी राहते म्हणे, म्हणजे डावा गाल दिसत नाही. विहीणबाईंचं तर तोंड सुटलं आहे. माय आहे का काय आहे ही, लेकराले पाहून मागं सरकून राहिली, असं शेजारीपाजारी बोलतात. पाडवा झाला की त्या मोठ्या सुनेच्या बाळंतपणासाठी सावनेरला जाणार आणि खुशीला सोबत नेणार. तिथंच बालवाडीत घालू, म्हणतात. सत्या, लेकरू एकदा तिकडं रमलं आणि माय आपल्याला टाकून गेली हे त्याच्या मनानं घेतलं, की ते पुन्हा काढता येणार नाही.

तेव्हा पाडव्याच्या आत मला ती जागा कळली पाहिजे. गोडीनं विचार, रागानं विचार, कसंही विचार.

आशीर्वाद आहेतच. उत्तराला उशीर करून जीव टांगणीला लावू नकोस.

वामनदादा


नंदनवन, नागपूर
६ मार्च २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी विक्कीचं संपवते. इतवारीत त्याचं मसाल्याचं दुकान आहे, डोक्यावर केस नाहीत, तीन पोरी आहेत. मला पाहून पाया पडला आणि धनेपूड फुकट दिली. अदितीला ओळखत नाही. मयुराच्या नावावर थोडा वेळ विचार करावा लागला त्याला. तुझा हा संशय तू आता धनेपुडीसारखा वरणात घालून खाऊन टाक.

जागा कळली. मी चोरून ऐकलं नाही, तिनंच सांगितलं. काल दुपारी तिच्या डोक्याला तेल लावत होते. खुशी आरशासमोर कशी उभी राहते ते मी बोलून गेले. नको होतं बोलायला. तिच्या खांद्यांचं नुसतं लाकूड झालं. मग बराच वेळ रडली, आणि मग आपण होऊन सांगायला लागली.

दादा, ती जागा तुझी शेड आहे. काटोलची, जुनी, लाकडी पेट्यांच्या काळातली. वहिनी गेल्यावर तू तिला रोज बाजारात नेत होतास आणि भंडाऱ्याकडून आलेल्या भाताच्या तणसाच्या ढिगात बसवून ठेवत होतास, आठवतं ना? भोवती पेट्यांची भिंत, फटींतून ऊन येतं, कुणीतरी खिळे ठोकतो आहे, आणि भिंतीपलीकडे तू फळं मोजतो आहेस, एक न म्हणता लाभ म्हणून सुरुवात करून. ती तुला पाहत नाही, नुसता आवाज ऐकते. तो आवाज चालू आहे तोवर आपल्याला काही होत नाही, असं तिला तेव्हा वाटायचं. तिथं जाते ती रोज. तुझा किडा आणि जावयाचा किडा, दोघांनाही हे सांगून टाक. नाही, थांब, सांगू नकोस. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला आहे की कुणाला सांगणार नाही, आणि तुला लिहिते आहे ते तू भलतंसलतं काही मनात घेऊन बसशील या भीतीनं.

खुशी का नाही तिथं, हेही विचारलं. ती म्हणाली की आत्या, तिथं अजून काही आत आलं नाही म्हणून ते राहिलं आहे. खुशीले आणलं आणि तिच्या मागून दोरा आला तर मी कुठं जाऊ? अदिती तिला घाई करत नाही. एक दिवस फट तुम्हीच मोठी कराल, असं म्हणते. मला अजून ती पोरगी पूर्ण पटलेली नाही. पाडवा जवळ आला आणि हिचं आपलं सावकाश चाललं आहे. पण वाईट काही दिसत नाही, हे मला कबूल करावं लागतं.

हे पत्र वाचून फाडून टाक. मुरंबा शेवटी केला, बाटली गिरिधरजवळ दिली आहे.

जसा आहेस तसाच माझ्यावर जीव लावून राहा.

सत्या


काटोल
११ मार्च २०२५

चि. सौ. सत्यवतीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि शेडमध्ये एकटा उभा राहून मी लहान पोरासारखा रडलो. माझी शेड! जगात इतक्या जागा असताना पोरीनं माझी शेड निवडली, आणि मी विक्की विक्की करत बसलो.

आता तू ऐक. अस्सल माल घरात पडलेला असताना त्याचं चित्र कशाला पाहत बसायचं? डोळे मिटून जर पोरीला इतका आराम पडतो, तर डोळे उघडून किती पडेल! मी भंडाऱ्याहून तणस मागवलं आहे. लाकडी पेट्या हल्ली कुणी वापरत नाही, पण गिरिधरनं कुठून कुठून जुन्या गोळा केल्या. जशीच्या तशी भिंत उभी करतो. रविवारी तू आणि आनंदराव तिला घेऊन या. बहाराची पूजा आहे म्हणून सांग, बाकी काही बोलू नकोस. वैभव खुशीला घेऊन आधीच येऊन बसेल. खुशी तणसात बसलेली असेल, मी पलीकडे उभा राहून मोजत असेन. पाहशील तू, माय-लेकी तिथंच एक होतील. मग सावनेर नाही आणि धरमपेठही नाही.

अदितीला विचारू काय, असं तू म्हणशील. तिला विचारलं की ती आणखी सहा महिने लावेल.

रविवारी वाट पाहतो. येताना मुरंबा आण, आधीचा गिरिधरनं वाटेत अर्धा खाल्ला.

वामनदादा


नंदनवन, नागपूर
१९ मार्च २०२५

ती. स्व. दादास,
नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. मीही त्या दिवशी तुझ्याशी न बोलता गाडीत बसले, तेव्हा रुसायचा हक्क तुला एकट्याला नाही.

तू भिंतीपलीकडे होतास. तुला नुसती किंकाळी ऐकू आली. मी तिच्या मागे होते, मी सगळं पाहिलं. शेडच्या दारात तणसाचा वास आला तशी ती थबकली आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं की मला वाटलं, माझा दादा जिंकला. तुझा आवाज ऐकून ती पुढे गेली, वाकून आत शिरली. आणि तिथं भिंत पडू नये म्हणून तुम्ही पेट्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. कशानं, तर पांढऱ्या नायलॉनच्या बारीक दोरीनं. फटींतून ऊन येत होतं आणि दोरी आडवी चमकत होती. त्याच वेळी तणसातून खुशी हात वर करून, आई म्हणून धावली, नेमकी दोरीच्या खालून. मयुरानं तिला दोन्ही हातांनी ढकललं. दोरीपासून लांब ढकललं, हे मला कळलं, तुला कळेल. खुशीला काय कळणार? ती तणसात पडली, लागलं काही नाही, रडलीही नाही. उठून बापाच्या पायामागे जाऊन उभी राहिली आणि तिथून मायकडे पाहत राहिली. ते पाहणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता मयुरा डोळे मिटते तर शेडमध्ये ती दोरी असते. तिथं जाता येत नाही म्हणते. गेले तीन दिवस ती झोपलेली नाही आणि पुन्हा भिंतीला टेकून बसते. मी शब्द मोडला हे तिला कळलं, त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी घाबरत अदितीकडे गेले. वाटलं, आता ही मऊ पोरगी मला फाडून खाईल. तिनं सगळं ऐकलं, पाणी दिलं आणि म्हणाली की ती जागा तिची होती कारण तिथं दुसऱ्या कुणाचा हात पोचत नव्हता. एवढंच. आणि पुढं कामाला लागली की आता काय करता येईल. दादा, इतके दिवस आपण त्या बाईवर पहारा ठेवला. पोरीला धोका होता तो तुझ्या-माझ्याकडून.

मी तुझ्यावर रागावलेली आहे. तरी जेवत जा.

सत्यवती


काटोल
२४ मार्च २०२५

चि. सौ. मयुरास,
तुझ्या बाबाचे अनेक आशीर्वाद.

मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही. शाळेतल्या सहलीलाही फोनच केला होता. तेव्हा चुकेल ते सांभाळून घे.

बेटा, दोरी माझ्या डोळ्यांना दिसलीच नाही. बाजारात सगळीकडे तीच असते, पेटी बांधायची म्हटलं की हात तिच्याकडेच जातो. तुला बरं वाटावं म्हणून तुला न विचारता तुझ्या जागेत माणसं नेऊन बसवली. आजवर कुणाच्या बगीच्यात मालकाला हाक न मारता पाय ठेवला नाही मी, आणि तुझ्या बाबतीत एवढी साधी गोष्ट सुचली नाही. मला फार वाईट वाटतं आहे. यापेक्षा जास्त चांगलं लिहिता येत नाही.

शनिवारी मी धरमपेठेत जाऊन अदितीताईंना भेटलो. खरं म्हणजे भांडायला गेलो होतो. माझ्या पोरीची ती जागा तुम्हीच परत करून द्या, असं म्हणणार होतो. त्यांनी मला बसवलं आणि विचारलं की तुम्ही बगीचा घेता तेव्हा झाडावर फळ केवढं असतं. मी म्हटलं की बोराएवढं. मग सौदा कशावर करता? मी सांगितलं की डोळे मिटले की मला कार्तिकातलं झाड दिसतं, कोणती फांदी वाकेल तेही दिसतं. बोलून गेलो आणि मग कळलं की मीही तेच करतो. त्या हसल्या नाहीत. तुझ्याबद्दलही काही बोलल्या नाहीत, मी दोनदा विचारून पाहिलं. फक्त म्हणाल्या की यापुढे काहीही करायचं ते मयुराला विचारून करा, आणि ती नाही म्हणाली तर नाहीच धरा.

म्हणून विचारतो. पाडव्याला वैभव खुशीला घेऊन आत्याकडे येऊ म्हणतो. तू जवळ घ्यायलाच पाहिजेस असं नाही, ते मी त्याला बजावलं आहे. मी येणार नाही. तू नाही म्हटलंस तर ते येणार नाहीत, आणि मी सावनेरचं काय ते विहीणबाईंशी बोलून पाहीन. हो किंवा नाही, एक शब्द आत्याजवळ सांग.

तू बरी झालीस तरच माझ्यावर माया कर असं नाही. तशीही कर.

तुझा
बाबा


नंदनवन, नागपूर
२ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
मयुराचा सा. न. वि. वि.

आत्यानं फोनवर हो सांगितलं, बाकीचं मी लिहिते. आत्या म्हणाली की दादाची मोजणी तू मनात ऐकायचीस, तर त्याला दोन ओळी तरी मिळू दे. तिच्याशी मी बोलायला लागले आहे, काळजी करू नका.

आधी सावनेरचं. सासूबाई एकट्या गेल्या. खुशी सध्या इथं आत्याजवळ आहे आणि वैभव पाळी संपली की येतात. किती दिवस ते ठरवलं नाही. वैभव अजून माझ्याकडे तिरक्या नजरेनं पाहतात. मी डोळे मिटले की कुठं गेली होतीस, असं लगेच विचारतात. परवा मी त्यांना मनानं खाली चौकात गेले होते, भाजीच्या भावाचा विचार करत होते म्हणून सांगितलं, तरी पटलं नाही. हसायलाही आलं आणि रागही आला. मी अजून बरी झालेली नाही, बाबा. मोपेडवर बसत नाही. रात्री उठते. शेड अजून बंद आहे. तिथं डोकावते आणि परत फिरते. तुमच्यावर राग होता. आता थोडा उरला आहे, तोही जाईल.

पाडव्याच्या दिवशी वैभव खुशीला घेऊन आले. मी समोरच्या खोलीत चटईवर बसले होते. ती दारातच थांबली. मी ये म्हटलं नाही, कारण ती आली आणि माझे हात पुन्हा तसेच उठले तर काय, ही भीती. तिनं तिथूनच विचारलं की तू डोळे मिटून काय करत राहतेस. मी म्हटलं की एका जागी जात होते, पण ती जागा आता मोडली. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली की माझ्याजवळ आहे एक.

मग ती भिंतीपाशी बसली, माझ्यापासून लांब, आणि मला डोळे मिटायला लावले. तिची जागा गच्चीवर आहे. खूप उंच, तिथून हिंगणा दिसतं आणि सावनेरही दिसतं. ती पतंग उडवते आहे. मला उठून जायचं होतं. मग ती म्हणाली की माझा मांजा आजीच्या स्वेटरचा आहे, लोकरीचा, त्यानं कापत नाही, गुदगुल्या होतात. पण एक अडचण आहे म्हणे. मागं चक्री धरायला कुणी नाही. बाबा कंपनीत, आजी सावनेरले चालली. तर मी तिला विचारलं की मी येऊ काय तुझ्या गच्चीवर? बाबा, तिनं लगेच हो म्हटलं नाही. मी तशीच बसून राहिले. तुमच्या पत्रात लिहिलं होतं तसं, नाही तर नाहीच, असं स्वतःला सांगत राहिले.

शेवटी ती म्हणाली की ये, पण हात पुढं कर. मी केले. मग मला मांडीवर वजन जाणवलं. माझ्या हातात चक्री कधी आली ते कळलं नाही, हातात तिचं पोट होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. दोरा आला नाही. मी वाट पाहिली त्याची, पण आला नाही.

डोळे उघडले तेव्हा पाहिलं तर खुशीनं आपले डोळे मिटलेलेच नव्हते. मान वळवून सारखी माझ्याकडे पाहत होती, मी पुन्हा ढकलते की काय म्हणून. मी तिला सांगितलं की आता तू मीट, मी धरून आहो. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं एक डोळा मिटला.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहते.

तुमची
मयुरा